किती वर्षं झाली वाळून?

वाळलेलं झाड काढायला बोलावणारा माणूस फोनवर बहुधा एकच गोष्ट सांगतो. काम हलकं आहे. पाला नाही, ओझं नाही, नुसतं खोड आणि चार फांद्या. सकाळी आलात तर जेवणाआधी मोकळे व्हाल. पैसेही तो त्याच हिशेबाने बोलतो. हिरव्या चिंचेला जेवढे द्यायला राजी होईल त्याच्या निम्म्यात वाळक्या आंब्याचा ठेका सुटावा अशी त्याची अपेक्षा असते, कारण लाकूड तरी काय निघणार, जळतणच. मी पैशांचं बोलणं थांबवतो आणि आधी विचारतो, किती वर्षं झाली वाळून?

उत्तर सहसा कोणाकडे नसतं. ‘मागच्या पावसाळ्यात पाला होता वाटते जी,’ असं सांगणाऱ्याच्या घरी जावं, तर अंगणात सालीचा टवकाही न राहिलेलं पांढरंफटक खोड उभं असतं. तीन पावसाळे तरी त्याच्या अंगावरून गेलेले असतात. माणूस खोटं बोलत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेलं झाड कधी मेलं ते खरंच ध्यानात येत नाही. आधी एका बाजूचा शेंडा वाळतो, मग एखादी फांदी. एक वर्ष पालवी उशिरा येते, पुढच्या वर्षी एकाच डहाळीला येते. यात मरणाची तारीख कुठली धरायची? पण माझ्या धंद्यात सगळं त्या तारखेवर असतं. झाड किती उंच, किती जाड, घराच्या किती जवळ, हे प्रश्न त्याच्या मागून येतात.

मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यातला. झाडं छाटायचं आणि पाडायचं काम मामांकडून शिकलो. मामांकडे एक कुऱ्हाड, एक आरी आणि अंबाडीचा जाड दोर, एवढाच सरंजाम होता. आता माझ्याकडे चेनसॉ आहे (आमच्याकडे तिला नुसतं ‘मशीन’ म्हणतात), नायलॉनचे दोर आहेत, पूर्ण अंगाचा पट्टा आहे, हेल्मेट आहे. तरी जागेवर पोचल्यावर पहिल्यांदा जे करतो ते मामांचंच. झाडाच्या उंचीएवढं लांब थांबायचं आणि चारही बाजूंनी फिरून वर बघायचं. कोणी सरळ बुंध्याशी गेला की ते ओरडायचे, ‘काहून मरायला चालला बाबू? आधी वर पाहाय!’ मी त्यात एका दुर्बिणीची भर घातली आहे. पक्षी बघणाऱ्यांकडे असते तसली, साधीच. लोक हसतात. झाडतोड्याला दुर्बीण कशाला?

ती लागते शेंड्यासाठी. शेंड्याच्या बारीक काड्या अजून जागेवर असतील तर झाड मरून फार दिवस झालेले नाहीत. काड्या गळाल्या आणि मनगटाएवढ्या फांद्यांचे ठुंठ राहिले, म्हणजे एखाददुसरा पावसाळा उलटला. मग साल बघायची. साल खोडाला घट्ट असेल तर ठीक. फुगली, आतून पोकळ वाजायला लागली, की तिच्यावर पाय देणं म्हणजे सुटलेल्या फळीवर पाय देणं. हाताची पकड सालीवर असते आणि साल खोडावर नसते. पुढे साल गळून पडते. खोडाला कडक आळंबी चिकटलेली दिसली, तर कवकाचं काम आत बरंच पुढे गेलेलं आहे. आळंबी हा शेवटी बाहेर आलेला भाग, बाकीचा सगळा लाकडात पसरलेला असतो. सुतार पक्ष्याची भोकं असली तर तेवढ्या उंचीवर लाकूड मऊ झालंय हे त्याने माझ्याआधीच ओळखलेलं असतं. बुंध्याशी वाळवीची माती, एका बाजूला भेगाळलेली जमीन, मुळाशी कुजलेला वास, हे सगळं बघून झालं की कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने हळूच ठोकायचं. हळूच, आणि डोळे वर ठेवून. जोराने ठोकलं तर वरचं काहीतरी खाली येतं.

झाडाची जातही बघावी लागते. साग, बीजा, बाभूळ यांचा गाभा मेल्यावरही बरीच वर्षं दम धरतो. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र आधी सडतं, म्हणजे चढणाऱ्याचा हात-पाय जिथे पडतो नेमकं तेच. आंबा, सालई, काटेसावर, गुलमोहर ही झाडं मेल्यावर फार थोडे दिवस भरवशाची. चिंच बाहेरून बुरुजागत दिसते आणि आत माणूस बसेल एवढी ढोली निघते. आणि मोह. मोहाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

आमच्या जिल्ह्यात मोह कोणी मुद्दाम तोडत नाही. फुलं, टोळी (मोहाची बी), दोन्हींचे पैसे होतात. पण मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. दरवर्षी बुंध्याला धग लागते. एका बाजूची साल जळते, ती जखम भरायच्या आत पुढच्या वर्षी पुन्हा आग. त्या जखमेतून पाणी शिरतं, कवक शिरतं, वाळवी शिरते. वर झाड वीस वर्षं फुलत राहतं आणि खाली अर्ध्या बुंध्यावर उभं असतं. मग एका उन्हाळ्यात ते वाळतं आणि मालक म्हणतो, ‘मोहाचं लाकूड आहे, पक्कं आहे.’ लाकूड पक्कं असेलही. ज्यावर ते उभं आहे तो बुंधा कोळशाचा झालेला असतो. रस्त्याकडेच्या झाडांचंही असंच. धान निघाल्यावर बांधीतला उरलेला तणस आणि धसकटं पेटवतात, आग धुऱ्यावर चढते, धुऱ्यावरून रस्त्याच्या चिंचेपर्यंत जाते. जुना सहा नंबरचा, आता ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोलीवरून जातो. तो चौपदरी होताना सावलीची पुष्कळ झाडं गेली. अशा कामात जी काठावर उरतात त्यांच्या एका बाजूची मुळं खोदकामात तुटलेली असतात. झाड लगेच मरत नाही. सावकाश मरतं आणि मग कोणाला रस्त्याची आठवण होत नाही, ‘रोग पडला’ म्हणतात.

पाण्यानेही झाडं मरतात. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी केली. पुढे पाणी अडलं, पवनी आणि भंडारा तालुक्यांत नदीकाठाने ते मागे मागे चढत गेलं आणि काठावरची झाडं उभ्या उभ्या वाळली, कारण मुळांनाही हवा लागते. पाण्यात उभं मेलेलं झाड हे माझ्या मते सगळ्यांत फसवं. पूर्ण पाण्याखालचं लाकूड हवेअभावी टिकतं. वरचं उन्हाने वाळून कडक होतं. सडतो तो मधला पट्टा, जिथे पाणी वर-खाली होतं, कधी ओल कधी कोरड. म्हणजे वर बघाल तर ठणठणीत, आणि मोडणार पाण्याच्या रेषेला. अशा झाडाला डोंगा बांधून जळतणासाठी वर चढणारी पोरं मी बघितली आहेत. मी त्या कामाला नाही म्हणतो, कितीही पैसे सांगा.

लोक म्हणतात, वाळलेलं लाकूड तर जास्त मजबूत. घराची सागाची मयाल आजोबांच्या काळापासून उभी आहे ती वाळलेल्याच लाकडाची ना? हे खरं आहे आणि म्हणूनच घोळ होतो. मयाल कवेलूंच्या खाली, कोरड्यात असते. लाकडात ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर सडवणारं कवक वाढू शकत नाही. आमच्या जिल्ह्यात वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उघड्यावर उभं असलेलं मेलेलं झाड तो सगळा पितं. कवकाचे प्रकार वेगवेगळे. त्यातलं एक लाकडाचा चिवट भाग खातं आणि तपकिरी, चौकोनी चिरा पडलेलं खोकं मागे ठेवतं. वाईट हे की वजनात शेकडा पाच-दहाचा फरक पडतो तोवर धक्का सोसायची ताकद निम्म्याहून अधिक गेलेली असते. म्हणजे फांदी बघायला तेवढीच जाड, हातात घ्यायला जवळजवळ तेवढीच जड, आणि झटका बसला की संपली.

झटका हा खरा शब्द. हिरव्या झाडावर चढलेल्या माणसाला झाड वागवतं. तो सरकला तर फांदी वाकते, तंतू ताणतात, करकरतात, निदान एक क्षण मिळतो. मामा म्हणायचे, हिरवी फांदी मोडायच्या आधी कुरकुर करते, वाळकी करत नाही. चढताना एवढं पाळायचं की दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन कायम जागेवर, आणि पाय फांदीच्या मधे न ठेवता खोडाच्या सांध्याशी. वाळक्या झाडावर हाही नियम पुरत नाही, कारण तिन्ही आधार एकाच वेळी जाऊ शकतात.

आता चढलेला माणूस वर काय करतो ते बघा. तो स्वतःला बांधतो. कशाला? त्याच मेलेल्या झाडाच्या बेचक्याला. मग फांदी कापतो. फांदी सुटते तशी खोड उलट बाजूला हलतं. हिरव्या झाडात हा हेलकावा पाला आणि बारीक फांद्या जिरवतात. वाळक्यात जिरवायला काहीच नाही, सगळा हेलकावा खोडात उतरतो आणि जिथे कमजोरी आहे तिथे तुटतो. फांदी दोराने झेलून हळू उतरवायची पद्धत आहे, कवेलूंच्या घराजवळ ती करावीच लागते. पण झेललेल्या फांदीचा झटका तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो आणि तो बसतो वरच्या बेचक्यावर, म्हणजे पुन्हा माणूस बांधलाय तिथेच. पट्टा आणि दोर चांगले असले की माणूस सुरक्षित, असं समजणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की दोराचं दुसरं टोक कुठे आहे? आयएस ३५२१ चा शिक्का असलेला पट्टा माणसाचं वजन झेलायला तपासलेला असतो. तो ज्याला अडकवला ते झाड कोणी तपासलेलं नसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मृगाच्या आधीचे दिवस होते. लाखनीकडच्याच एका गावात घरामागचा जुना आंबा वाळला होता आणि पावसात घरावर पडेल म्हणून मालकाला तो लवकर हवा होता. ठेका दुसऱ्याचा, मी खाली दोरावर होतो. वर चढलेला माणूस आमच्यात सगळ्यांत जुना, हात साफ, घाई न करणारा. त्याने आधी ठोकून पाहिलं होतं, साल नसलेल्या फांदीवर पाय दिला नव्हता. बेचक्याला दोर बांधला, बाजूची एक फांदी कापली. ती अगदी पाहिजे तिथे पडली. मी दोर ढिला सोडत होतो, तेवढ्यात वरचं बेचकं, त्याचा दोर आणि तो, तिन्ही बरोबर खाली आले. आवाज नंतर आला. तीस-पस्तीस फुटांवरून पडायला दीड सेकंदही लागत नाही आणि जमिनीला लागताना वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात असतो. हे गणित मी नंतर एका मास्तरांकडून करून घेतलं. त्या वेळी एवढंच कळलं की हाक मारायलाही वेळ नव्हता.

तो कापलेल्या फांद्यांच्या ढिगावर पडला म्हणून वाचला. चारपाच जण हातपाय धरून उचलायला धावले, त्यांना मी अडवलं. पाठीचा कणा दुखावला असेल तर असं उचलण्याने उरलंसुरलं जातं. बाज आणायला निघालेल्या बाईला म्हटलं, बाज नको, ती मधे झोळते, सरळ फळी आणा. गोठ्याच्या दाराची फळी काढली, मान आणि पाठ एका रेषेत धरून त्याला तीवर घेतलं, कपड्याने बांधलं, १०८ ला फोन केला. भंडाऱ्याहून नागपूर असा प्रवास झाला. माणूस आहे, पण कमरेखाली जोर नाही. घराच्या ओट्यावर पानाची टपरी चालवतो. ठेकेदाराने पहिल्या आठवड्याचा खर्च दिला, नंतर फोन उचलला नाही. कागदावर काहीच नव्हतं. ना मस्टर, ना विमा, ना ठेक्याची चिठ्ठी. गवंडीकामावरच्या मजुराची बांधकाम कामगारांच्या मंडळात नोंदणी तरी होते. गावोगाव फिरून झाडं पाडणाऱ्याची कुठे होते, ते मला आमच्या भागात कोणी सांगू शकलेलं नाही.

त्या ढिगात मी ते बेचकं उचलून पाहिलं. बाहेरून बोटभर लाकूड पक्कं होतं. आत तपकिरी भुसा. ठोकल्याचा आवाज खालून चांगलाच आला होता, कारण खाली खोड पक्कंच होतं. बेचक्यात पावसाचं पाणी साठतं, पाचोळा साठतो, सडणं तिथूनच सुरू होतं. आणि माणूस दोर बांधायला नेमकी तीच जागा निवडतो.

ढोलीत कोण राहतं हा आणखी एक मुद्दा. सातेरी माश्यांचं मोहोळ, साप, घोरपड, पिंगळा. जमिनीवर माश्या उठल्या तर पळता येतं. वर बांधलेला माणूस कुठे पळेल? मशीनचा आवाज आणि हादरा झाला की त्या उठणारच. आणि तारा. आमच्या गावांत ११ केव्हीची लाइन झाडांच्या कुशीतून जाते. महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय आणि ती बंद झाल्याचं लाइनमनने समोर सांगितल्याशिवाय मी कुऱ्हाड काढत नाही. ‘वाळलेल्या लाकडातून करंट येत नाही’ म्हणणारे भेटतात. पावसात भिजलेल्या लाकडाबद्दल त्यांना विचारावं.

मग वाळलेलं झाड काढायचं कसं? माझं पहिलं उत्तर, जमिनीवरून. मोकळी जागा असेल तर सबंध झाड एकदम पाडावं. त्यातही खोच आहे. झाड पाडताना पुढून खाच घेतात, मागून काप घेतात आणि दोहोंच्या मधे बोट-दोन बोटं लाकूड राखतात. पडताना झाड त्या राखलेल्या पट्टीवर वळतं आणि दिशा धरतं. हिरव्या लाकडात ती पट्टी वाकते. वाळक्यात ती मधेच तटकन तुटते आणि मग झाड स्वतःच्या मनाने पडतं. म्हणून पट्टी जाड राखायची, दोर आधीच लांबून ताणून ठेवायचा, आणि मागच्या कापात पाचर घणाने ठोकायची नाही, कारण घणाचा प्रत्येक ठोका शेंड्यापर्यंत जातो आणि वरची सुटलेली फांदी ठोकणाऱ्याच्याच डोक्यावर येते. मागे तिरकस पळायची वाट आधी साफ करून ठेवायची. झाड हललं की मशीन तिथेच टाकून निघायचं. मशीन पुन्हा घेता येते.

घर, गोठा, तार मधे असेल तर उंच उचलणारी गाडी मागवावी. गावात दिव्यांची कामं करणारी हायड्रॉलिक शिडीची गाडी असते, खाजगीही भाड्याने मिळते. पाळण्यातला माणूस झाडावर अवलंबून नसतो, एवढी एकच गोष्ट सगळा फरक करते. भाडं ऐकून मालकाचा चेहरा उतरतो, ठीक आहे. अडचण खरी आहे ती जमिनीची. धानाच्या बांधीत जूनपासून कापणीपर्यंत गाडी जाऊच शकत नाही, रुतते. उन्हाळी धान घेतला तर मग मेपर्यंत चिखल. गाडी जात नसेल आणि शेजारी तेवढंच उंच, जिवंत, चांगल्या मुळांचं झाड असेल, तर माणसाचा दोर त्या जिवंत झाडाला बांधावा आणि वाळक्यावर भार टाकू नये. तेही नसेल तर उन्हाळ्यापर्यंत थांबावं, खालून माणसं-जनावरं हलवावीत. थांबणं हाही उपायच आहे, तो कोणी विकत घेत नाही एवढंच.

इंग्लंडमध्ये २०१२ साली अ‍ॅश नावाच्या झाडावर मर आणणारं कवक सापडलं. मेलेलं, मरू घातलेलं अ‍ॅशचं लाकूड इतकं ठिसूळ होतं की तिकडे झाडतोड्यांना शक्यतो चढू नका, यंत्राने काम करा, असं सांगितलं जातं. त्यांच्याकडे प्रशिक्षण आहे, दोरांचे सतरा प्रकार आहेत, सोडवायला दुसरा चढणारा तयार असतो. तरी ते चढणं टाळतात. आमच्याकडे यातलं काहीच नाही आणि आम्ही चढतो. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांत पूर्वी झाडाच्या बुंध्याभोवती गोल कडं कापून त्याला उभ्यानेच मारायचे, दोनतीन वर्षं वाळू द्यायचे आणि मग पाडायचे, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही आणि ओंडके नदीतून न्यायचे असत. म्हणजे मेलेल्या झाडांशीच त्यांचा व्यवहार. पण ती झाडं बुंध्यातून पाडायची होती. वर जायचं कारणच नव्हतं.

आणि काही झाडं काढूच नयेत. शेताच्या कोपऱ्यात, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीपलीकडे, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या काठी उभं असलेलं वाळकं झाड कोणाच्या वाटेत असतं? मी तसं सांगितलं की मालकाला वाटतं, हा काम टाळतो. नागझिरा आणि कोका अभयारण्यांत उभी वाळलेली झाडं दिसतात, ती वनखात्याच्या आळसामुळे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, वाऱ्याने पडलेली झाडंसुद्धा हलवायला बंदी घातली. धनेश ढोलीतच घरटं करतो, पोपट, पिंगळा, सुतार तिथेच. जंगलात जे झाड चार जिवांचं घर असतं ते गावात धोक्याचं होतं, कारण त्याच्याखाली आपण गाडी लावतो, गाय बांधतो, पोरं खेळतात. आधी गाय हलवून पाहावी.

ठेक्याचं म्हणाल तर मी आता वाळक्या झाडाचा भाव हिरव्याच्या वर सांगतो. बरेचसे लोक दुसऱ्याकडे जातात. दुसरा मिळतोच. धान रोवणी आणि कापणी यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत पाचशे रुपये जास्त दिले की कोणीतरी पोरगा कमरेला दोर गुंडाळून चढतो, आणि बहुतेक वेळा उतरतोही. हेच सगळ्यांत वाईट आहे. दहादा उतरला की त्याला आणि मालकाला दोघांनाही वाटतं, मी उगाच भीती घालतो. वाळकं झाड दहा माणसांना सोडून अकराव्याला पाडतं, आणि त्या अकराव्याने वेगळं काही केलेलं नसतं.

मालकांना एवढंच सांगणं आहे. शेंडा वाळायला लागला त्याच वर्षी बोलवा. तेव्हा खोड जिवंत असतं, चढता येतं, फांद्या झेलता येतात, आणि कधीकधी नुसत्या छाटणीवर झाड वाचतंही. परवानगीचा धाक धरून थांबू नका. आंबा, मोह, चिंच, साग, ऐन, जांभूळ, बीजा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत, आपल्या शेतात असली तरी परवानगी लागते. पण झाड मेलेलं, रोगट किंवा जिवाला धोका असलेलं असेल तर ती नाकारायची नाही असं तोच कायदा सांगतो. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा कायदा आहे, त्यातही तेच. अर्ज दिवाळीच्या सुमारास करा. धान निघालेला असतो, जमीन कडक होते, गाडी बांधीत उतरते, वारा नसतो. अवकाळी वादळाची वाट बघून मे महिन्यात फोन करू नका. कामाला माणसं लावताना त्यांचा अपघात विमा आहे का ते विचारा, नसेल तर तेवढ्या दिवसांचा तुम्ही उतरवा. झाडाच्या लाकडापेक्षा त्याला कमी पैसे लागतात. आणि आलेला माणूस झाडाभोवती फिरून, वर बघून ‘मी यावर चढत नाही’ म्हणाला, तर त्याच्या जागी दुसरा शोधू नका.